मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती, हे स्वतः कसे काढावे

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे असे इंटरनेटवर शोधले, तर एका ठिकाणी १२,५३० हा आकडा मिळतो, दुसऱ्या ठिकाणी ७,७९० आणि तिसऱ्या ठिकाणी ६,७७०. वेळेचे तर त्याहून अवघड आहे. कोणी चौदा तास सांगते, कोणी सोळा, कोणी बावीस, आणि हातातले तिकीट पाहावे तर विमान रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोचते असे छापलेले असते, म्हणजे जणू साडेसहाच तास. पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेली माणसे, विशेषतः लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील, या आकड्यांपुढे गांगरून जातात आणि सगळेच दुसऱ्यावर सोपवून देतात. वास्तविक यातला एकही आकडा खोटा नाही, आणि कागद, पेन्सिल, दोरा एवढ्या सामग्रीवर हे सगळे आकडे घरच्या घरी काढता येतात. नातेवाइकांची तिकिटे काढून देताना मी हा हिशेब अनेकदा मांडला आहे. तो येथे पायरीपायरीने देत आहे.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता

अंतर दोन शहरांमधले नसते, दोन विमानतळांमधले असते, म्हणून आधी तिकिटावरचे तीन अक्षरी संकेत पाहावेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा संकेत आजही जुन्या नावावरून ‘बीओएम’ असाच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाचा संकेत ‘एनएमआय’ आहे, त्यामुळे ‘मुंबई’ एवढाच शब्द वाचून टॅक्सी सांगण्याचे दिवस आता संपले. गोव्याचेही तसेच: दाभोळी ‘जीओआय’ आणि मोपा ‘जीओएक्स’.

पलीकडच्या टोकाला न्यूयॉर्कच्या नावाखाली तीन विमानतळ येतात: जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यातला नेवार्क, ज्याचा संकेत ‘ईडब्ल्यूआर’ आहे. मुंबईपासून मोजले तर जेएफके आणि नेवार्क यांच्यात जेमतेम पंधरा किलोमीटरचा फरक पडतो, आकाशात एक मिनिटाचा. पण जमिनीवर हे दोन विमानतळ न्यूयॉर्क शहराच्या दोन बाजूंना आहेत, आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान धरायचे असेल, तर मध्ये अख्खे शहर ओलांडावे लागते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात आणि आसपासच्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नेवार्क बराच जवळ पडतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी घ्यायला येणाऱ्याला विचारावे.

दुसरी पायरी: दोऱ्याने अंतर मोजणे

आता सुरुवातीच्या तीन आकड्यांकडे येऊ. १२,५३० हे किलोमीटर आहेत, ७,७९० हे मैल आणि ६,७७० हे सागरी मैल. विमान आणि जहाज यांच्या जगात सागरी मैलच चालतो; एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. नेहमीचा मैल १.६०९ किलोमीटरचा. आकड्यापुढचे एकक वाचले की हा गोंधळ संपतो.

पण १२,५३० हे आले कुठून? यासाठी शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा. माझ्याकडचा तीस सेंटीमीटर व्यासाचा आहे. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर न्यावे आणि दोरा अगदी ताठ ओढावा. बहुतेकांची अपेक्षा असते की दोरा अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून पश्चिमेला सरळ जाईल, कारण भिंतीवरच्या नकाशात तसेच दिसते. ताठ दोरा मात्र मुंबईहून चक्क उत्तरेकडे चढतो. कच्छच्या रणावरून सिंध आणि बलुचिस्तान, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, पुढे आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडातले लॅब्रडोर, आणि तिथून तो न्यूयॉर्कला उतरतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्त म्हणतात.

दोरा उचलून पट्टीवर ठेवावा. माझ्या गोलावर तो साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. आता त्याच दोऱ्याने विषुववृत्ताचा वेढा मोजावा. तो साधारण चौऱ्याण्णव सेंटीमीटर येतो. खऱ्या पृथ्वीचा वेढा ४०,००० किलोमीटरच्या किंचित वर आहे, म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा झाला. साडेएकोणतीसला ४२५ ने गुणले की १२,५०० च्या पुढचा आकडा येतो. संकेतस्थळावरचा आकडा आणि आपल्या दोऱ्याचा आकडा असे जुळलेले पाहताना मला दर वेळी समाधान वाटते, आणि घरात शाळकरी मूल असेल तर हे काम त्याच्याच हातात द्यावे.

भिंतीवरच्या नकाशात पट्टीने आखलेल्या सरळ रेषेवरून विमान नेले, तर ते सुमारे १४,२०० किलोमीटर उडेल, म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर जास्त. सपाट नकाशा गोल पृथ्वीला ताणून बसवतो आणि उत्तरेकडचे प्रदेश फुगवून दाखवतो, त्याचा हा परिणाम आहे.

तिसरी पायरी: अंतराला वेगाने भागणे

लांब पल्ल्याची मोठी विमाने, उदाहरणार्थ बोइंग ७७७, ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८४ पट वेगाने उडतात. तेवढ्या उंचीवर हवा उणे पन्नास अंशांहून थंड असल्याने ध्वनीचा वेगही कमी होतो, आणि हिशेब ताशी सुमारे ९०० किलोमीटर येतो. १२,५३० ला ९०० ने भागले की १३.९ तास मिळतात. इथे नवख्यांची एक चूक हमखास होते: १३.९ तास म्हणजे तेरा तास नव्वद मिनिटेही नव्हेत आणि तेरा तास नऊ मिनिटेही नव्हेत. दशांशाच्या पुढच्या भागाला साठने गुणावे, म्हणजे तेरा तास चोपन्न मिनिटे.

बहुतेक संकेतस्थळांवर दिसणारा ‘चौदा तास’ हा आकडा असाच आलेला असतो. तो कागदावरचा वेळ आहे आणि त्यावर विसंबून कोणालाही विमानतळावर बोलावू नये. विमान कंपनीचे वेळापत्रक निराळ्या पद्धतीने बनते. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटपासून मागे सरकते तो क्षण, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते पलीकडच्या गेटला लागते तो क्षण. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांगेत थांबणे, चढताना आणि उतरताना मंदावलेला वेग हे सगळे त्यातच धरलेले असते. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि रात्रीच्या गर्दीत विमानांची रांग लागते. या सगळ्यासाठी मी सरसकट चाळीस मिनिटे धरतो.

चौथी पायरी: वारा आणि बंद आकाश

खरा फरक इथे पडतो, म्हणून या पायरीवर जरा थांबून विचार करावा.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे जिथे ही विमाने उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. इंग्रजीतला ‘जेट स्ट्रीम’ हाच शब्द आता मराठीत रुळला आहे. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानाचा ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवाच जर समोरून येत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने विमान तेवढे मंद होते, आणि पाठीमागून येत असेल तर तेवढे जलद. आपण न्यूयॉर्कला जाताना पश्चिमेकडे निघतो, म्हणून वारा तोंडावर घेतो, आणि परतताना तोच वारा पाठीशी असतो. जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, असे वेळापत्रकात दिसले तर ती छपाईची चूक समजू नये.

वाऱ्याचे बळ किती असते याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाच्या वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकवरची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती आणि पॅसिफिकवरची सुमारे १५,३०० किलोमीटरची, तरीही लांबच्या वाटेने विमान साडेचौदा तासांत पोहोचले, कारण पूर्वेकडे उडताना वारा पाठीशी मिळाला. वाट १,४०० किलोमीटरने लांबली आणि वेळ मात्र वाचला. अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नये, असे मी सगळ्यांना सांगतो ते यामुळे.

दुसरी अडचण आकाश बंद असण्याची. आपल्या दोऱ्याने जे देश ओलांडले, त्यांतल्या प्रत्येकाचे आकाश प्रत्येक विमानाला खुले असतेच असे नाही. बालाकोटनंतर पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद केले. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांची विमाने रशियावरून जाऊ शकत नाहीत. परिणामी एकाच दिवशी एकाच दोन विमानतळांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांच्या वाटा वेगळ्या आणि वेळाही वेगळ्या असू शकतात. म्हणून तिकीट काढताना त्या कंपनीचे चालू महिन्याचे वेळापत्रक पाहावे; दोन वर्षांपूर्वी शेजारी किती तासांत गेले होते, ते धरून चालू नये.

आता हिशेब पुन्हा मांडू. प्रत्यक्ष वाट वळसा धरून १३,२०० किलोमीटर आणि जाताना समोरच्या वाऱ्याचे सरासरी ४० किलोमीटर वजा केले, तर वेग ८६० राहतो. भागाकार १५.३५, म्हणजे पंधरा तास एकवीस मिनिटे, आणि त्यात चाळीस मिनिटे मिळवली की सोळा तास. परतीला तेवढीच वाट, पण पाठीवरच्या वाऱ्याचे ५० मिळवून वेग ९५०, भागाकार १३.९, अधिक चाळीस मिनिटे, म्हणजे साडेचौदा तासांच्या आसपास. वळसा आणि वारा यांचे हे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत, ते रोज बदलतात. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा लावला की जमिनीच्या तुलनेतला वेग दिसतो. तिथे ८३० दिसले तर वारा समोरून आहे आणि १,००० च्या वर दिसले तर पाठीमागून, हे आता कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.

पाचवी पायरी: घड्याळाचे गणित

तिकिटावर छापलेल्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. भारताचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कचे हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे असते, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्यामुळे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. वरचा अर्धा तास विसरला जातो आणि सगळा हिशेब चुकतो, तेव्हा तो आधी लिहून ठेवावा.

रीत सोपी आहे. सुटण्याच्या वेळेत उड्डाणाचा वेळ मिळवावा आणि मग फरक वजा करावा. १२ जूनला रात्री दीड वाजता मुंबई सुटली, सोळा तास मिळवले, की भारतात त्याच दिवशी सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्यातून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ. सुरुवातीचे साडेसहा तासांचे कोडे हेच होते. परतीला फरक मिळवावा: न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालो, तर भारतात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजतात. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी लहान अक्षरात ‘+१’ छापलेले असते, ते या पुढच्या दिवसासाठी.

याच पायरीवरची एक चूक मी जवळून पाहिली आहे. आमच्या नात्यातल्या एका जोडप्याचे तिकीट १२ तारखेच्या रात्री दीडचे होते. त्यांनी १२ तारखेला संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, शेजाऱ्यांचा निरोप घेतला, भरलेल्या बॅगा घेऊन ते विमानतळावर गेले, आणि दारावरच्या जवानाने तिकीट पाहून सांगितले की हे विमान काल रात्री गेले. मध्यरात्री बारानंतर तारीख बदलते, त्यामुळे १२ तारखेच्या रात्री दीडचे विमान पकडायचे तर ११ तारखेला रात्री विमानतळावर हजर असावे लागते. मुंबईहून लांब पल्ल्याची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून दिनदर्शिकेवर उड्डाणाच्या तारखेला नव्हे, तर घरातून निघण्याच्या तारखेला खूण करावी.

रोज ठरलेल्या वेळी औषध घेणाऱ्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हा घड्याळाचा फरक निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून मात्रांच्या वेळा लिहून घ्याव्यात.

सहावी पायरी: मध्ये थांबा असेल तर

‘नॉनस्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ हे दोन शब्द एकच नव्हेत. नॉनस्टॉप विमान मध्ये कुठेही उतरत नाही. डायरेक्ट म्हटलेले विमान एकाच क्रमांकाने जाते, पण वाटेत उतरू शकते. थांबा घेऊन जाण्याने अंतर फार वाढते असा समज आहे, तो तपासून पाहण्यासारखा आहे. मुंबई ते लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर, मिळून १२,७५०. थेट अंतरापेक्षा हे फक्त दोनशेवीस किलोमीटर जास्त आहे, कारण लंडन आपल्या दोऱ्याच्या वाटेपासून फारसे दूर नाही. दुबईवरून गेले तरी बेरीज तेरा हजारांच्या आतच राहते. वेळ वाढतो तो थांब्यामुळे. संकेतस्थळावर दिसणारा बावीस तासांचा आकडा दोन उड्डाणे आणि मधला थांबा यांची बेरीज असतो.

माझ्या मते ज्येष्ठांसाठी तीन ते चार तासांचा थांबा चांगला. दीड तासाचा थांबा कागदावर आकर्षक दिसतो, पण पहिले विमान अर्धा तास उशिरा आले की मोठ्या विमानतळावर धावपळ होते. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. न्यूयॉर्कच्या पुढे अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात जायचे असेल, तर सर्वसाधारणपणे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन करून, बॅगा ताब्यात घेऊन त्या पुन्हा जमा कराव्या लागतात. त्यासाठी तीन तास तरी हातात ठेवावेत.

सातवी पायरी: दारापासून दारापर्यंत

शेवटी एक अख्खा प्रवास कागदावर मांडून पाहावा. पुण्याहून निघालेल्या घरासाठी तो असा होईल. ११ जूनला दुपारी साडेचारला घर सोडले. द्रुतगती मार्गावरचा घाट, लोणावळ्याजवळची गर्दी आणि मुंबईत शिरतानाचा वेळ धरून रात्री नऊला विमानतळ गाठला. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन ते चार तास आधी पोहोचावे लागते आणि सामान घेण्याचा काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून ही वेळ योग्य आहे. पावसाळ्यात आणखी दोन तास आधी निघावे. दीडला विमान सुटले, न्यूयॉर्कच्या सकाळी आठला जेएफकेवर पोहोचले. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा यांत दहा वाजले. एडिसनपर्यंतची गाडी सव्वा तास चालली, तर घराचे दार सव्वाअकराला उघडेल. पुण्याच्या घड्याळात तेव्हा १२ जूनचे रात्रीचे पावणेनऊ झालेले असतील, म्हणजे एकूण सव्वाअठ्ठावीस तास.

हा कागद दोन प्रतींत लिहावा आणि प्रत्येक ओळीत दोन्ही घड्याळांच्या वेळा तारखेसह घालाव्यात. एक प्रत पासपोर्टच्या पिशवीत राहील. दुसरीचा फोटो घ्यायला येणाऱ्याला पाठवावा, आणि त्याने विमानतळावर आठला नव्हे, तर साडेनऊच्या सुमारास यावे असे त्यावरच लिहून द्यावे.